ऑल-सीझन टायर आणि वरचे चार मिलिमीटर: प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५

यंदा थंडी सुरू व्हायच्या आत गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत. एकच संच घ्यायचा आणि तोच वर्षभर चालवायचा. हिवाळ्याचा वेगळा संच, त्याच्या वेगळ्या रिम, वर्षातून दोनदा अदलाबदल आणि काढलेले टायर ठेवायला जागा, हे सगळं यंदाच्या पैशांत बसत नाही. पण बर्फात गाडी थांबते की घसरते हे टायर रस्त्याला टेकतात त्या तळहाताएवढ्या चार जागांवर ठरतं. त्यामुळे नुसतं स्वस्त बघून घ्यायचं नाही, नीट अभ्यास करूनच घ्यायचं.

आधी जुन्या टायरांची तपासणी. डेप्थ गेज लावून खाचा मोजल्या: पुढचे ३.१ मिमी, मागचे ३.८. बऱ्याच देशांत कायद्याने किमान १.६ मिमी लागतात, त्या हिशेबाने हे टायर अजून चालतील. बर्फाचा हिशेब मात्र वेगळा आहे. बर्फावर टायर चालतो तेव्हा खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो आणि तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. पकडीचा मोठा भाग तिथून येतो. खाच उथळ झाली की भरायला जागाच उरत नाही. ऑस्ट्रियात ४ मिमीच्या खाली गेलेला रेडियल टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ही मर्यादा ३.५ मिमी आहे. मी ४ धरते.

टॉर्च मारून खाचांच्या मधल्या रबरी ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा पाहिल्या. बर्फावर कडा देण्याचं काम याच चिरांचं. मधल्या पट्ट्यात त्या अजून दिसतात, पण कडेच्या ठोकळ्यांवर जवळजवळ पुसल्या गेल्यात. खाचेच्या भिंतीकडून बघितलं की चीर किती खोल होती ते स्पष्ट कळतं: खाच तळापर्यंत जाते, चीर मात्र निम्म्यातच थांबलेली. म्हणजे रबर शिल्लक असलं तरी हिवाळ्यासाठी केलेली नक्षी आधीच संपलेली असते. नवे टायर घेताना ही भिंत बघायचीच.

१० सप्टेंबर

ऑल-सीझन आपल्याला पुरेल का, हे स्वतःला स्पष्ट विचारून घेतलं. आमच्या वापरात बहुतेक हिवाळा ओल्या, गार डांबरावर जातो. बर्फ पडतो, पण रस्ते साफ होतात, आणि फारच वाईट दिवशी गाडी न काढण्याची मुभा आहे. अशा वापराला चांगला ऑल-सीझन चालतो. रोज पहाटे न साफ केलेल्या घाटातून जायचं असेल, किंवा रस्ता महिनोन्‌महिने गोठलेला असेल, तर हा सगळा खटाटोप सोडून खरे हिवाळी टायर घ्यावेत. तिथे बचत दुसऱ्या कशात करावी.

१४ सप्टेंबर

आजचा दिवस साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या, चिन्हांना दिला. बजेट कमी असलं की इथेच सगळ्यात जास्त फसायला होतं.

‘एम+एस’ ही अक्षरं जवळजवळ प्रत्येक ऑल-सीझनवर असतात. चिखल आणि बर्फ असा त्याचा दावा, पण तो नक्षीच्या भूमितीवर आधारलेला आहे: खाचांचा मोकळा भाग पुरेसा असला की झालं. बर्फावर टायर चालवून बघण्याची अट त्यामागे नाही. रबर कोणतं, ते थंडीत किती मऊ राहतं, याबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत.

तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह वेगळं. उत्तर अमेरिकेत ते १९९९ मध्ये आलं. ते मिळवायला टायरला मध्यम दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते, आणि सुरुवातीच्या नियमानुसार ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागत असे. मोजली जाते ती मुख्यतः सरळ रेषेत वेग घेतानाची पकड. वळणावर काय होईल, निसरड्या गोठलेल्या थरावर काय होईल, ते या चिन्हात येत नाही. तरीही निदान खऱ्या बर्फावर तपासलेला टायर आहे, एवढी खात्री मिळते.

कायदेही हळूहळू याच चिन्हाकडे वळलेत. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस असलेला टायर हिवाळी रस्त्यासाठी चालत नाही, डोंगर-हिमकण लागतोच. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे चिन्ह असलेले टायर सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियात मात्र एम+एस अजून चालतं. म्हणून हिवाळ्यात सीमा ओलांडणाऱ्याने आधी तिथला नियम वाचावा.

युरोपच्या नव्या लेबलवर (१ मे २०२१ पासून) बर्फाच्या चिन्हाशेजारी गोठलेल्या रस्त्यासाठी वेगळं चिन्ह असतं. ऑल-सीझनवर ते सहसा दिसत नाही. ते नसणं हीसुद्धा माहितीच आहे.

ठरलं: डोंगर-हिमकण नसलेला टायर यादीत घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळो. दुकानात ‘ऑल-सीझन’ म्हणून दोन्ही जातीचे टायर शेजारी शेजारी ठेवलेले असतात. चिन्ह असलेल्यांना कुठे कुठे ‘ऑल-वेदर’ म्हणतात. नाव काहीही असो, साइडवॉल स्वतः बघायची.

१५ सप्टेंबर

धाकट्या भावाचा फोन. “ताई, चारही चाकांना ताकद देणारी गाडी घे, टायरची कटकटच मिटेल.” त्याला सांगितलं, अरे, ती ताकद गाडी हलवायला उपयोगी. थांबवायला ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, आणि शेवटी पकड टायरचीच.

बोलून झाल्यावर कागदावर आकडे मांडले. ताशी ५० किमी वेग, ब्रेक पूर्ण लागल्यानंतरचं अंतर, प्रतिक्रियेची वेळ सोडून. सुक्या डांबरावर घर्षणांक (पकड किती, याचा आकडा) ०.८ धरला तर सुमारे १२ मीटर. दाबलेल्या बर्फावर ०.२५ धरला तर ३९ मीटर. गोठलेल्या थरावर ०.१ धरला तर ९८ मीटर. चांगल्या टायरने बर्फावरचा आकडा ०.२० वरून ०.२८ वर नेला, तर ४९ मीटरचे ३५ होतात. हे १४ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अलीकडे थांबणं की पलीकडे. त्यासाठी पैसे मोजायला मी तयार आहे.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसली. त्याच गोठलेल्या थरावर वेग ५० वरून ३० वर आणला की ९८ मीटरचे ३५ होतात. एवढा फरक कुठलाच टायर विकत देत नाही, आणि वेग कमी करायला पैसे लागत नाहीत.

२१ सप्टेंबर

आता माप. सध्या गाडीवर २२५/४५ आर१७ आहे (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २०५/५५ आर१६ आणि १९५/६५ आर१५ ही दोन्ही मापंही दिलेली आहेत. व्यास काढून पाहिले: १७ इंचीचा ६३४ मिमी, १६ इंचीचा ६३२, १५ इंचीचा ६३४.५. म्हणजे स्पीडोमीटरच्या दृष्टीने तिन्ही सारखेच. किमतीत मात्र १५ इंची टायर बराच खाली येतो. शिवाय तो अरुंद असल्यामुळे पडलेल्या बर्फात खोल रुततो आणि खालचा थर गाठतो, आणि उंच साइडवॉल खड्डे सोसते. थंडीत रस्ते फुटतात तेव्हा हे उपयोगाचं आहे.

अडचण एकच, रिम. १५ इंची जुन्या स्टीलच्या रिम मिळाल्या तर चार टायरांवर वाचलेल्या पैशांत त्या बसतात का, हे बघायचं. आणि रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबून धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, तेही. स्टिकरवर माप दिलेलं असलं तरी त्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला ब्रेक मोठे असू शकतात, म्हणून रिम प्रत्यक्ष चढवून बघायची.

लोड इंडेक्स ९१ हवा, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. त्याच्या खाली उतरायचं नाही. वेगाचं अक्षर टी (ताशी १९० किमी) असलं तरी मला पुरे, पण कागदपत्रांत काय मान्य आहे ते बघून.

२८ सप्टेंबर

या सगळ्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आज सापडली. टायरची किंमत टायरवर भागायची नाही, हिवाळी मिलिमीटरवर भागायची.

नवा टायर ८ मिमीच्या आसपास असतो. ४ च्या खाली तो बर्फासाठी संपला. म्हणजे पैसे पूर्ण टायरचे द्यायचे आणि हिवाळ्याच्या कामाला येणार फक्त वरचे चार मिलिमीटर. त्यात ऑल-सीझन उन्हाळ्यातही झिजतो. अशा वेळी नवेपणी टायर किती खोल आहे, या आकड्याला फार किंमत येते, आणि जाहिरातीत तो शोधूनही सापडत नाही. कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात बघावा लागतो.

यादीतले तीन टायर घेतले. सगळ्यात स्वस्ताची किंमत १०० धरली. त्याची खोली ७ मिमी, म्हणजे हिवाळ्याचे ३. एका मिलिमीटरला ३३ पडले. मधला १२५, खोली ८.५, हिवाळ्याचे ४.५. मिलिमीटरला २८. सगळ्यात महाग १७०, खोली तीच ८.५, मिलिमीटरला ३८. सगळ्यात स्वस्त टायर हिवाळ्याच्या हिशेबाने मधल्यापेक्षा महाग निघाला! महागडा टायर ओल्या रस्त्यावर थोडा सरस आहे आणि आवाज कमी करतो, हे मान्य. पण माझे पैसे मधल्यावर जास्त काम करतात.

यात झिजण्याचा वेगही धरायला हवा. अमेरिकेतल्या टायरांवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, तो कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरा, दोन कंपन्यांची करायला नाही. शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्याचं आहे, बर्फाशी त्याचा संबंध नाही. आमचा हिवाळा बराचसा ओल्या रस्त्यावर जातो म्हणून मी ते बघते. युरोपीय लेबलवर वेट ग्रिप (ओल्या रस्त्यावरची पकड) ‘सी’च्या खाली असलेला टायर आज यादीतून काढून टाकला.

नावांबद्दल थोडं. मोठ्या कंपन्यांची दुसऱ्या फळीतली नावं बघण्यासारखी असतात: फायरस्टोन ब्रिजस्टोनचा, जनरल कॉन्टिनेन्टलचा, लॉफेन हँकूकचा, कूपर २०२१ पासून गुडइयरचा. पहिल्या फळीतलं सगळं त्यांत येत नाही, पण चाचणीची आणि उत्पादनाची शिस्त त्याच घरातली. ऑल-सीझन ही कल्पनाही काही नवी नाही, गुडइयरचा टिएम्पो १९७७ मध्ये बाजारात आला. बर्फावर खरं काम करणारे ऑल-सीझन मात्र बऱ्याच उशिरा पसरले. युरोपात २०१५ मध्ये मिशेलिनने क्रॉसक्लायमेट आणल्यावर स्पर्धा वाढली, आणि आता मधल्या किमतीतही डोंगर-हिमकणवाले पर्याय भरपूर आहेत.

४ ऑक्टोबर

वापरलेले टायर घ्यावेत का? दोन संच पाहून आले. एकाची खोली ५.५ होती, म्हणजे हिवाळ्याचा दीडच मिलिमीटर. किंमत नव्याच्या निम्मी. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर तो नव्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. दुसऱ्याची खोली चांगली, पण साइडवॉलवर बारीक भेगा आणि तारखेचा कोड २०१७ चा. रबर वयाने कडक होतं, आणि थंडीत मऊ राहणं हेच तर या टायरचं काम. दोन्ही सोडले.

यंदा पुढचे दोनच बदलावेत, हा मोहही बाजूला ठेवला. पुढे नवी पकड आणि मागे झिजलेले टायर असले की वळणावर ब्रेक लावताना गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं, आणि ते सावरणं फार अवघड असतं. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे लावतात. बर्फासाठी मात्र चारही एकसारखे हवेत.

११ ऑक्टोबर

जुन्या पण सरळ, न गंजलेल्या चार १५ इंची स्टील रिम मिळाल्या. त्या धरूनही एकूण खर्च १७ इंची मधल्या टायरांपेक्षा कमी येतो. मधला टायर नक्की केला, १९५/६५ आर१५ मध्ये. बर्फ पडायच्या आधी मागणी नोंदवली. पहिला बर्फ पडला की चालू मापं आधी संपतात आणि उरेल ते घ्यावं लागतं.

१८ ऑक्टोबर

टायर आले. चढवायच्या आधी प्रत्येकाचा तारखेचा कोड वाचला. शेवटचे चार अंक: २७२५, म्हणजे २०२५ सालचा सत्ताविसावा आठवडा. चौघांचा एकच. साइडवॉलवर डोंगर-हिमकण आहे, बोटाने चाचपूनही लागतो. खोली मोजली: ८.३. तक्त्यापेक्षा किंचित कमी, पण चालेल. खाचेच्या भिंतीकडून पाहिलं तर मधल्या ठोकळ्यांतल्या चिरा जवळजवळ तळापर्यंत जातात. मनापासून आनंद झाला. ४ मिमीला आल्यावरही या चिरा शिल्लक राहतील.

आधी एक रिम पुढे चढवून हाताने फिरवून पाहिली, कॅलिपरपासून जागा सुटते. टायरला फिरण्याची दिशा आहे, तेव्हा बाण पुढे ठेवून बसवून घेतले. बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह. नट टॉर्क पान्याने आवळले. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा आवळायचे. पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर निघून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

१९ ऑक्टोबर

नट पुन्हा तपासले. एक थोडा फिरला.

१६ नोव्हेंबर

थंडी पडली. हवा तपासली. २० अंशांना ३३ पीएसआय भरली होती, आज पहाटे उणे ५ ला २९ निघाली. पंक्चर नाही, गार हवा आकुंचन पावते एवढंच. गणितही जुळतं: २५ अंश उतरले की ३३ वर साधारण ४ पीएसआय जातात. स्टिकरवरचा आकडा गार टायरसाठीच असतो, म्हणून गाडी चालवायच्या आधी पुन्हा ३३ केली. बर्फात हवा मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला बऱ्याच जणांकडून ऐकला. या टायरांसाठी मी तो पाळणार नाही. कमी हवेत टायरचा मधला भाग उचलला जातो, खाचा मिटतात, आणि ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकलं जात नाही.

७ डिसेंबर

पहिला खरा बर्फ. मोकळ्या, सपाट आवारात, आसपास कोणी नाही अशी खात्री करून, ताशी ३० वरून ब्रेक दाबून पाहिला. एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली धडधडलं, गाडी सरळ रेषेत थांबली. जुन्या टायरांवर अशा वेळी पुढचं नाक एका बाजूला सरकायचं. सुटताना चाक थोडं फिरलं आणि लगेच धरलं. वळताना मात्र वेग किंचित जास्त झाला तर गाडी सरळच जायला बघते. चाचणीत वळण मोजत नाहीत हे सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं, आज ते स्टिअरिंगमध्ये जाणवलं. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही, ही सवय आता पक्की करायची.

११ जानेवारी २०२६

शून्याच्या आसपास तापमान, रात्री पाऊस, पहाटे गोठलेला. हा सगळ्यात वाईट प्रकार. उणे २० च्या कडक बर्फापेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर येतो. गाडी दारातून हळू काढून पाहिली आणि परत लावली. दुपारी मीठ टाकलेल्या रस्त्याने निघाले. टायर चांगले आहेत, पण या प्रकारासाठी ते घेतलेले नाहीत.

घाटात जायची वेळ आलीच तर डिक्कीत साखळ्या आहेत, पुढच्या चाकांच्या. जागच्या जागी एकदा चढवून, काढून पाहिल्या, हातमोजे घालूनसुद्धा जमतं.

१५ मार्च

हिवाळ्याअखेरची मोजणी. पुढचे ७.७, मागचे ८.१. पुढची चाकं गाडी ओढतात, त्यामुळे ती जास्त झिजणार हे ठरलेलंच. पुढचे मागे, मागचे पुढे केले, त्याच बाजूला, कारण बाण. अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासलं, ठीक आहे. आतली कडा आणि बाहेरची कडा सारखीच झिजली आहे, हेही मोजून पाहिलं, कारण एकाच कडेने झिजलेला टायर मध्ये ६ दाखवतो आणि कडेला ४ असतो.

उन्हाळ्यात हे मऊ रबर थोडं जास्त झिजेल, म्हणून वर्षाला १.३ मिमी धरते. ऑक्टोबर २०२६ ला ७.०, २०२७ ला ५.७, २०२८ ला ४.४. तीन हिवाळे नीट निघतील. चौथा ४.४ वर सुरू होऊन मध्येच ४ च्या खाली जाईल, तेव्हा पुढचा संच सप्टेंबर २०२८ मध्ये घ्यायचा आणि हे टायर बर्फापुरते निवृत्त. एकूण खर्चाला ३० ने भागून येणारी रक्कम एप्रिलपासून दर महिन्याला बाजूला टाकते. या रिम आता आहेतच, म्हणजे तेव्हा फक्त टायरांचे पैसे लागतील, आणि जमलं तर १७ इंची रिमवर उन्हाळ्याचा वेगळा संच करता येईल. दोन्ही संच मग निम्मे निम्मे झिजतील. पुढची मोजणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.